कुष्ठरोगनिदानातील त्वचा-प्रतिमांकन

त्वचेवरील विकृत भागाची प्रतिमा प्रकाश, उष्णता किंवा श्राव्यातीत ध्वनी (मानवी कानास ऐकू न येणारा उच्च कंप्रतेचा ध्वनी) यांच्या साहाय्याने मिळवून तिचा कुष्ठरोग ओळखण्यासाठी उपयोग करण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. साधे छायाचित्रण, जंबुपार दीपाखालील तपासणी, त्वचासूक्ष्मदर्शन, अवरक्त तापलेखन, श्राव्यातीत प्रतिमांकन आणि प्रतिमांचे संगणकीय विश्लेषण यांचा तीत समावेश होतो. चट्टा कोणत्या प्रकारचा असण्याचा संभव आहे, तो कोठवर पसरला आहे आणि परीक्षेसाठी ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहाचा) तुकडा कोठून घ्यावा, हे या पद्धतींनी कळू शकते. चट्ट्याच्या जागी स्पर्श समजतो की नाही, हे मात्र कोणतीही प्रतिमा थेट सांगू शकत नाही. कुष्ठरोग हा त्वचेइतकाच तंत्रिकांचा (मज्जातंतूंचा) रोग असल्यामुळे हा भेद मूलभूत महत्त्वाचा आहे [→ कुष्ठरोग].

प्रतिमांकनाची आवश्यकता : कुष्ठरोग मायकोबॅक्टिरियम लेप्री या सूक्ष्मजंतूमुळे होतो. या जंतूची संख्या दुप्पट होण्यास सु. १२ ते १४ दिवस लागतात. त्यामुळे रोगाचा परिपाककाल (जंतुप्रवेशापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काल) दीर्घ, सरासरीने ५ वर्षे असून क्वचित २० वर्षांपर्यंतही असतो. पहिले लक्षण बहुधा फिकट किंवा तांबूस चट्ट्याचे असते. तो दुखत नाही व खाजत नाही, म्हणून रुग्ण त्याची उपेक्षा करतो. या अवस्थेत रोग ओळखला गेल्यास १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. निदानास विलंब झाल्यास हातापायांचे स्नायू दुबळे होणे, बोटे वाकणे, तळपायास न भरणारे व्रण पडणे व दृष्टी जाणे यांसारख्या विकृती उद्भवतात. एकदा नष्ट झालेली तंत्रिका औषधाने पूर्ववत होत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच गंभीर असते. लहान मुलांच्या गालावरील साधा पांढुरका डाग, शिबे, कोड किंवा भाजल्याचा वण यांस कुष्ठरोग ठरविले, तर निष्कारण औषधे घ्यावी लागतात आणि कुटुंबास सामाजिक बहिष्काराची झळ पोहोचते. भारतात २००५ च्या अखेरीस रोगाचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर दर १०,००० लोकांत १ पेक्षा कमी झाले. तरीही २०२३ साली जगात नव्याने नोंदलेल्या सु. १.८ लाख रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होते. रुग्णांची घनता कमी झाल्यावर कुष्ठरोग डोळ्यांखालून गेलेल्या अनुभवी वैद्यांची व कर्मचाऱ्यांची संख्याही घटते. ही उणीव अंशतः भरून काढण्याचे साधन म्हणून प्रतिमांकनाकडे पाहिले जाते.

निदानाचा पाया : पुढील तीन प्रमुख लक्षणांपैकी कोणतेही एक निश्चितपणे आढळल्यास कुष्ठरोगाचे निदान केले जाते : (१) संवेदना निःसंशय कमी झालेला फिकट अथवा तांबूस चट्टा; (२) परिघीय तंत्रिका जाड होणे व तिच्या क्षेत्रात बधिरता किंवा स्नायुदौर्बल्य असणे; (३) त्वचेला लहानसा छेद देऊन काढलेल्या लेपात अम्लस्थायी (अम्लाने रंग न सोडणारे) जंतू सापडणे. पहिल्या लक्षणासाठी कापसाची वात, ठराविक जाडीचे नायलॉनचे तंतू आणि गरम व थंड पाण्याच्या परीक्षानळ्या वापरतात. एकूण रुग्णांपैकी सु. ७० टक्के रुग्ण बधिर चट्ट्याच्या एकट्या लक्षणावरून ओळखता येतात. उरलेल्यांत बहुजंतुक म्हणजे शरीरात जंतूंची संख्या मोठी असलेले अनेक रुग्ण असतात व त्यांच्याकडूनच संसर्गाचा अधिक संभव असतो.

इतिहास : कुष्ठरोगाच्या अभ्यासात चित्राचे स्थान प्रथमपासून मोठे आहे. नॉर्वेमधील डी. सी. डॅनिएल्सेन व सी. डब्ल्यू. बक यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथासोबत रंगीत शिलामुद्रित चित्रांचा संग्रह जोडलेला होता आणि या रोगाच्या आधुनिक वर्णनाचा प्रारंभ त्यापासून मानतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेले हेन्री व्हॅनडाइक कार्टर (१८३१–९७) हे ग्रे यांच्या शारीरविषयक प्रसिद्ध ग्रंथाचे चित्रकार होत. भारतातील कुष्ठरोग्यांचा त्यांनी विस्तृत अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कडू कवठाच्या तेलाचा या रोगावर प्रयोग करणारे मुंबईचे भाऊ दाजी लाड (१८२२–७४) यांना छायाचित्रणातही रस होता व १८५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या छायाचित्रण संस्थेचे ते सदस्य होते. नॉर्वेतील जी. एच. ए. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये जंतू शोधल्यावर मात्र निदानाचे लक्ष चित्राकडून सूक्ष्मदर्शकाकडे वळले.

स्वातंत्र्योत्तर काळात वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीचा पुरस्कार केला. घरोघर जाऊन दिवसाच्या उजेडात संपूर्ण त्वचा पाहणे हा या सर्वेक्षणाचा गाभा होता. आजच्या प्रतिमांकन-पद्धती या पाहण्यास जोड देतात. त्याची जागा घेत नाहीत.

प्रतिमेत दिसणारे ऊतकबदल : प्रतिमेचा अर्थ लावण्यासाठी त्वचेत काय घडते हे लक्षात घ्यावे लागते. रुग्णाची प्रतिकारक्षमता चांगली असल्यास क्षयाभ प्रकार होतो. त्यात अंतस्त्वचेत तंत्रिकांच्या व उपांगांच्या भोवती कोशिकांचे घट्ट पुंजके (कणार्बुदे) तयार होतात. ते सूक्ष्म तंत्रिका, स्वेदग्रंथी (घामाच्या ग्रंथी) व केशपुटके यांचा नाश करतात. त्यामुळे चट्टा कोरडा, विरळ केसांचा व स्पष्ट कडांचा असतो. बाह्यत्वचेतील कृष्णरंजक (मेलॅनीन) कमी होते, पण कोडाप्रमाणे पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून चट्टा फिकट दिसतो, दुधासारखा पांढरा नसतो. प्रतिकारक्षमता क्षीण असल्यास लेप्रोमॅटस प्रकार होतो. त्यात जंतू व जंतुभक्षी कोशिका त्वचेत सर्वत्र पसरतात आणि चट्टे अस्पष्ट कडांचे, अनेक व शरीराच्या दोन्ही बाजूंस सारखे असतात. या दोन टोकांमधील अवस्थांचे डी. एस. रिडली व डब्ल्यू. एच. जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये केलेले वर्गीकरण आजही संशोधनात वापरले जाते.

छायाचित्रण : ही सर्वांत स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असलेली पद्धत होय. एक दूरचे चित्र चट्ट्याचे शरीरावरील स्थान दाखवण्यासाठी आणि एक जवळचे चित्र कड व पृष्ठभाग दाखवण्यासाठी घेतात. जवळच्या चित्रात मोजपट्टी ठेवतात. सावळ्या त्वचेवर समोरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशात फिकटपणा नाहीसा होतो. तिरक्या नैसर्गिक प्रकाशात चट्ट्याची उंचावलेली कड व अस्पष्ट पसरट जाडी अधिक चांगली उमटते. उपचारापूर्वीचे व नंतरचे चित्र एकाच अंतरावरून व एकाच प्रकाशात घेतले तरच त्यांची तुलना अर्थपूर्ण ठरते. उपचारकाळात चट्टे अचानक लाल व सुजलेले होणे ही प्रतिक्रियेची (शरीराच्या प्रतिकारक्षमतेतील आकस्मिक बदलामुळे उद्भवणाऱ्या दाहाची) खूण असते आणि ती वेळीच ओळखण्यास अशा चित्रमालेचा उपयोग होतो.

जंबुपार दीप : अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०३ मध्ये दृश्य प्रकाश अडवून जंबुपार किरण जाऊ देणारी काच तयार केली. तिच्यावर आधारलेला दीप मुख्यतः ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे प्रारण देतो. अंधाऱ्या खोलीत या दीपाखाली कोडाचा डाग निळसर-पांढरा व झळाळता दिसतो, कारण रंजकाचा आडोसा नसल्याने अंतस्त्वचेचे अनुस्फुरण (पडलेले प्रारण शोषून पदार्थाने दृश्य प्रकाश देणे) बाहेर येते. शिब्यांत पुष्कळदा पिवळसर सोनेरी छटा दिसते. कुष्ठरोगाचा चट्टा किंचित उठून दिसतो, पण झळाळत नाही. त्यामुळे हा दीप मुख्यतः इतर रोग वगळण्यास उपयोगी पडतो.

त्वचासूक्ष्मदर्शन : त्वचेवर टेकवून किंवा अगदी जवळ धरून पाहण्याच्या, सु. दहापट विवर्धन करणाऱ्या व स्वतःचा प्रकाश असलेल्या भिंगाने ही तपासणी करतात. ध्रुवित प्रकाश वापरल्यास पृष्ठभागावरील चकाकी नाहीशी होऊन बाह्यत्वचेच्या खालच्या थरातील रंग व रचना दिसू लागतात. या पद्धतीचा पाया योहान साफिअर यांनी १९२० नंतरच्या दशकात घातला. प्रारंभी तिचा उपयोग मुख्यतः तीळ व कर्कार्बुदे यांसाठी होत असे. अलीकडच्या काळात भारतीय त्वचारोगतज्ञांनी सावळ्या त्वचेवरील कुष्ठरोगाच्या संदर्भात तिचा बराच अभ्यास केला आहे.

कुष्ठरोगाच्या चट्ट्यात पुढील गोष्टी आढळतात : रंजकाचे नेहमीचे जाळे फिकट झालेले असते, केस व केशपुटकांची मुखे यांची संख्या भोवतालच्या त्वचेपेक्षा कमी असते, स्वेदग्रंथींच्या मुखांचे पांढरे ठिपके विरळ होतात, कणार्बुदे दाट असल्यास पिवळसर-नारिंगी, रचनाहीन क्षेत्रे दिसतात, आणि कणार्बुदांनी वर ढकललेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शाखायुक्त रेषांच्या रूपात उमटतात. यांपैकी केस व स्वेदमुखे यांचा ऱ्हास विशेष बोलका आहे, कारण तो तंत्रिका व त्वचेची उपांगे यांच्या नाशाचा अप्रत्यक्ष पुरावा असतो. कोडात डाग पांढराशुभ्र असतो व आरंभी केशपुटकांभोवती रंजक शिल्लक राहते. मुलांच्या गालांवरील साध्या पांढुरक्या डागांत बारीक कोंडा असतो, पण केस शाबूत असतात. शिब्यांत कोंडा त्वचेच्या सूक्ष्म रेषांत साचलेला दिसतो.

मात्र पिवळसर-नारिंगी क्षेत्रे केवळ कुष्ठरोगातच दिसतात असे नाही. त्वचेचा क्षय व सारकॉइड रोग यांतही कणार्बुदे असल्याने तशीच प्रतिमा मिळते. अशा वेळी जीवोतक परीक्षा (जिवंत ऊतकाचा तुकडा काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय तपासणी) आवश्यक ठरते. तुकडा चट्ट्याच्या सर्वांत सक्रिय भागातून घेण्यास त्वचासूक्ष्मदर्शनाचे मार्गदर्शन होते.

अधिक खोलवरच्या प्रतिमा : सहनाभीय सूक्ष्मदर्शनात अवरक्त लेसर किरणाच्या परावर्तनाने कोशिकांच्या पातळीवरील चित्र मिळते, परंतु ते सु. ०.२ ते ०.३ मिमी. खोलीपर्यंतच पोहोचते आणि कुष्ठरोगातील कणार्बुदे पुष्कळदा त्याहून खोल असतात. प्रकाशीय छेददर्शनाची खोली १ ते २ मिमी. असते, पण त्यात कोशिका स्पष्ट दिसत नाहीत. कुष्ठजंतूची लांबी १ ते ८ मायक्रोमीटर व जाडी त्याहून पुष्कळ कमी असते. त्वचेवरून केलेल्या वरील कोणत्याही प्रतिमांकनाने जंतू प्रत्यक्ष दिसत नाही. ही उपकरणे महाग असून त्यांचा वापर सध्या संशोधनापुरता मर्यादित आहे.

तापलेखन : शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणाचे कॅमेऱ्याने चित्र घेतले असता त्वचेच्या तापमानातील सूक्ष्म फरक रंगांच्या रूपाने दिसतो. त्वचेतील रक्तवाहिन्यांचे आकुंचन व प्रसरण आणि घाम येणे यांचे नियंत्रण सूक्ष्म स्वायत्त तंत्रिका करतात. कुष्ठरोगात त्यांचा नाश झाल्यावर, थंड केलेली त्वचा पुन्हा उबदार होण्याची रीत बदलते. प्रतिमांकनाच्या सर्व पद्धतींपैकी तंत्रिकांच्या कार्याच्या जवळ येणारी ही पद्धत होय. वेल्लोर येथे शस्त्रक्रियेचे मौलिक कार्य केलेले पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथील रुग्णालयात बधिर हातापायांवरील उष्ण जागा अशा चित्रांनी शोधून व्रण होण्यापूर्वीच धोका ओळखण्याचे प्रयत्न केले. तथापि खोलीचे तापमान, वारा व श्रम यांचा परिणाम होत असल्याने ग्रामीण आरोग्य केंद्रात ही पद्धत विश्वसनीयपणे वापरणे कठीण असते.

श्राव्यातीत प्रतिमांकन : त्वचेखालील तंत्रिका जाड झाल्या आहेत काय, हे बोटांनी चाचपून ठरवण्यात परीक्षकांमध्ये मतभेद होतात. १० मेगाहर्ट्झहून अधिक कंप्रतेच्या ध्वनीने तंत्रिकेचा छेद मोजता येतो. कोपराजवळील अंतःप्रकोष्ठ तंत्रिका या तपासणीस विशेष सोयीची असते. निरोगी तंत्रिकेत रक्तप्रवाह सहसा दिसत नाही. प्रतिक्रियेमुळे दाह झालेल्या तंत्रिकेत तो डॉप्लर तंत्राने दिसू शकतो. हैदराबाद येथे केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताने जाणवणाऱ्या बदलांपेक्षा अधिक तंत्रिका विकृत असल्याचे या पद्धतीने आढळले.

संगणकीय विश्लेषण : छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहावरून संगणकास चट्टे ओळखण्यास शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ब्राझीलमधील ओस्वाल्दो क्रूझ संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,२२९ प्रतिमा आणि रुग्णांच्या लक्षणांच्या ५८५ नोंदी यांचा एकत्रित विचार करण्यात आला आणि सु. ९० टक्के अचूकता मिळाली. या अभ्यासातील लक्षणीय गोष्ट अशी की, निर्णयास बळ देणाऱ्या माहितीत उष्णतेची संवेदना नष्ट होणे, गाठी, पायांना मुंग्या येणे व चट्ट्यांची संख्या यांचा समावेश होता. तर खाज व कोंडा ही लक्षणे कुष्ठरोगाच्या विरुद्ध बाजूची ठरली. म्हणजे संगणकासही केवळ चित्र पुरेसे झाले नाही. रुग्णास प्रश्न विचारून व त्वचेला स्पर्श करून मिळालेली माहिती त्यास द्यावी लागली.

शिक्षणासाठी वापरलेल्या प्रतिमांमध्ये गोऱ्या त्वचेचे प्रमाण अधिक असल्यास सावळ्या त्वचेवर अशी साधने चुकतात, कारण तीवर तांबूसपणा तपकिरी किंवा जांभळट दिसतो. ज्या लोकसमूहात साधन वापरावयाचे, त्याच समूहाच्या प्रतिमांवर त्याची परीक्षा होणे अगत्याचे आहे.

विरळ रोग व चाचणीचा अर्थ : रोग विरळ असताना उत्तम चाचणीही फसवी ठरू शकते, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, १०,००० मुलांपैकी ५ मुलांना कुष्ठरोग आहे आणि एक साधन रोगी व निरोगी या दोहोंना ९५ टक्के वेळा बरोबर ओळखते. सर्व मुलांची चित्रे या साधनास दाखवल्यास ते पाचही रुग्ण बहुधा ओळखील. परंतु त्याबरोबर सु. ५०० निरोगी मुलांनाही संशयित ठरवील. म्हणजे संशयित ठरलेल्या शंभरांतील एकच खरा रुग्ण असेल. याउलट आरोग्य कर्मचाऱ्याने प्रथम डोळ्यांनी पाहून फिकट चट्टे असलेली ४०० मुले निवडली व पाचही रुग्ण त्यांत आले, तर साधन सु. २० निरोगी मुलांनाच चुकीने संशयित ठरवील आणि दर पाच संशयितांत एक खरा रुग्ण सापडेल. या २५ मुलांची संवेदन-परीक्षा एका दिवसात होऊ शकते. साधनाच्या अचूकतेइतकेच महत्त्व ते कोणत्या क्रमाने वापरले जाते यास आहे.

मर्यादा : प्रारंभीच्या लेप्रोमॅटस प्रकारात त्वचा सर्वत्र सारखीच किंचित जाड व तकतकीत होते. तीत कड नसल्याने चित्रात तुलनेसाठी निरोगी त्वचाच उरत नाही. अशा वेळी कानाच्या पाळीतून घेतलेला लेप अधिक उपयुक्त ठरतो. शुद्ध तंत्रिकीय प्रकारात त्वचेवर चट्टाच नसतो. भारतात असे रुग्ण आढळतात व त्यांच्या बाबतीत त्वचेची प्रतिमा निरुपयोगी असते. चेहऱ्यावर तंत्रिकांचे जाळे दाट असल्याने तेथील चट्ट्यात संवेदना टिकून राहू शकते. तेथे मात्र त्वचासूक्ष्मदर्शन व जीवोतक परीक्षा यांचे साहाय्य मोठे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही कुष्ठरोगाचे निदान मुख्यतः प्रत्यक्ष तपासणीवरच आधारलेले आहे.

व्यवहारातील उपयोग : गावपातळीवर आशा स्वयंसेविकेने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने संशयित चट्ट्याचे छायाचित्र दूरच्या तज्ञाकडे पाठवणे हा प्रतिमांकनाचा आज सर्वांत शक्य असलेला उपयोग आहे. चित्रासोबत चट्ट्यांची संख्या, कालावधी, खाज आहे की नाही, कापसाच्या वातीने केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष आणि घरातील पूर्वीच्या रुग्णांची माहिती दिल्यास त्याचे मोल पुष्कळ वाढते. चित्र संशयास्पद नसले तरी चट्टा बधिर असेल, तर रुग्णास पुढील तपासणीसाठी पाठवलेच पाहिजे.

अशी चित्रे घेताना रुग्णाची संमती घेणे, शक्य तेथे चेहरा वगळणे आणि चित्र उपचाराशी संबंधित व्यक्तींखेरीज इतरांच्या हाती न पडू देणे आवश्यक असते. भारतात कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे विवाहविच्छेदाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यात आले. कायद्यातून गेलेला कलंक समाजातून मात्र पूर्णपणे गेलेला नाही, म्हणून एखादे चित्र बाहेर पसरल्यास रोग बरा झाल्यानंतरही रुग्णास त्याची हानी सोसावी लागते. चित्र घेणाऱ्याने ते पाठवून न थांबता चट्ट्यावर स्पर्शपरीक्षा करावी आणि कोपर, गुडघा व घोटा यांजवळील तंत्रिका चाचपून पाहाव्यात. प्रतिमेने उपस्थित केलेल्या संशयाचे निराकरण बहुतेक रुग्णांत या साध्या तपासणीनेच होते.